कॅन्ससच्या माळावरचें पुसलेलें घर

प्रवासास निघालेल्या माणसानें काय पाहावें, हें आपल्याकडे ठरून गेलेलें आहे. तीर्थक्षेत्र असेल तर देव पाहावा, किल्ला असेल तर बुरूज पाहावा, आणि परदेशीं गेल्यास उंच इमारती, धबधबे व पदार्थसंग्रहालयें पाहून यावें. 'जेथें पाहण्यासारखें कांहींच उरलेलें नाहीं तेथें मुद्दाम जावें' असें कोणीं सांगितलें, तर आपण त्याच्या तोंडाकडे पाहात राहूं. गेल्या वर्षीं भाद्रपदाच्या अखेरीस मी अशाच एका ठिकाणीं जाऊन आलों. तेथें घर नव्हतें, चौथरा नव्हता, विहीरहि नव्हती. होतें तें एवढेंच : एक दगडी खूण, ज्वारीचें शेत आणि अफाट आकाश. तरीहि त्या प्रवासांत पाहिलेलीं न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन हीं शहरें आतां मनांत पुसट होऊं लागलीं आहेत. तें रिकामें शेत मात्र डोळ्यांपुढून हालत नाहीं.

आमची कन्या व जांवई अमेरिकेच्या कॅन्सस संस्थानांतील विचिटा शहरीं राहतात. हें शहर विमानांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असून जांवई त्यांपैकीं एका कारखान्यांत अभियंते आहेत. त्यांचा आग्रह चार वर्षें चालला होता. अखेर सेवानिवृत्तीनंतर आम्हीं उभयतांनीं तो मानला. निघण्याच्या आदल्या दिवशीं मात्र धाकट्या चुलतबंधूंचा एक लखोटा हातीं पडला. राजापूर तालुक्यांतील आमचें वडिलार्जित घर बसून आतां तीस वर्षें होत आलीं. कौलें गेलीं, वासे गेले. जांभ्या दगडाचा चौथरा, तुळशीवृंदावन आणि एक विहीर तेवढी राहिली आहे. ती जागा बागायतीसाठीं मागणारें गिऱ्हाईक आलें असून इतर सर्वांच्या सह्या झाल्या आहेत, तुमची तेवढी उरली आहे, असा मजकूर होता. शेवटीं बंधूंनीं लिहिलें होतें : "तेथें आतां आहे काय? चार दगड." मीं तो कागद तसाच कपाटांत ठेवला व सही परत आल्यावर करूं असें ठरविलें. वाचकांनीं हा लखोटा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

आमची नात बारा वर्षांची आहे. शनिवार-रविवार आला कीं ती बापाला घेऊन रानोमाळ हिंडते आणि लोकांनीं लपविलेल्या पेट्या शोधून काढते. या खेळाला 'जिओकॅशिंग' म्हणतात. कोणी एकजण एखादी डबी अगर पेटी झाडाच्या ढोलींत, दगडाच्या आड किंवा पुलाच्या कठड्याखालीं ठेवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि जगांतील कोणींहि येऊन ती हुडकावी. पेटींत एक वही असते. सांपडली कीं वहींत नांव व तारीख लिहावयाची, पेटींतील एखादी चीज हवी तर घ्यावयाची, पण तिच्या तोडीची दुसरी ठेवावयाची, आणि पेटी होती तशीच पुन्हां लपवावयाची. बक्षीस नाहीं, पंच नाहीं आणि प्रेक्षकहि नाहींत.

या खेळाचा जन्म ज्या योगानें झाला तो मोठा मौजेचा आहे. आकाशांत फिरणाऱ्या उपग्रहांच्या साह्यानें पृथ्वीवरील आपलें स्थान समजण्याची योजना अमेरिकेच्या लष्करानें उभारली. ती सामान्य लोकांस खुली होती खरी. परंतु शत्रूनें तिचा उपयोग करूं नये म्हणून त्यांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि ती चूक शंभर मीटरपर्यंत जाई. २ मे २००० रोजीं ही मिसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशीं ओरेगन संस्थानांत डेव्ह अल्मर नांवाच्या संगणकतज्ज्ञानें एका बादलींत वही, पुस्तकें, एक गलोल, घेवड्याचा डबा असल्या वस्तु भरून ती बीव्हरक्रीक गांवाजवळच्या झाडींत ठेवली व तिचे आंकडे प्रसिद्ध केले. तीन दिवसांत दोघांनीं ती शोधून काढली. आज जगांत अशा तीस लाखांहून अधिक पेट्या आहेत. कल्पनेचें मूळ मात्र याहून जुनें आहे. इंग्लंडांतील डार्टमूरच्या माळावर १८५४ सालीं एका वाटाड्यानें क्रॅनमिअर पूल येथें एक बाटली ठेवली होती. तेथवर पायीं जाणारे लोक तींत आपलें भेटपत्र टाकून येत.

"आजोबा, या वेळीं आपण लांब जाऊं," नात म्हणाली. "नेस सिटीच्या पलीकडे एक पडकें घर आहे. तिथें एक पेटी आहे, आणि बरेच दिवसांत कोणी गेलेलं नाहीं."

आमच्या मंडळींनीं लागलीच गुळपापडीच्या वड्यांचा डबा काढला. त्यांतील दोन वड्या पेटींत ठेवाव्या असा त्यांचा विचार होता. "आजी, खाऊ ठेवायचा नसतो. वासानं जनावरं येतात आणि पेटी फोडतात," असा नातीनें नियम सांगितला. आणखीहि नियम होते : जमीन खणून पेटी पुरावयाची नाहीं, मालकाच्या परवानगीवांचून कोणाच्या जागेंत ठेवावयाची नाहीं, झाडाला खिळा मारावयाचा नाहीं. खेळाला एवढें शील असावें याचें मला बरें वाटलें. वड्या आम्हीं खाल्ल्या आणि पेटीसाठीं माझ्या पाकिटांतील भोकाचा एक पैसा निवडला.

सकाळीं लौकर निघून आम्ही पश्चिमेची वाट धरली. ग्रेट बेंड गांव मागें पडल्यावर प्रदेशाचें रूप पालटूं लागलें. झाडें विरळ झालीं, घरें विरळ झालीं आणि आकाश वाढत चाललें. रश जिल्ह्यांतून जातांना शेतांच्या कुंपणांचे खांब दगडाचे दिसले. या भागांत पूर्वीं लांकूड जवळजवळ नव्हतेंच. परंतु जमिनीखालीं थोड्या खोलीवर चुनखडीच्या दगडाचा एक पातळ थर आहे. तो दगड बाहेर काढतांना मऊ असतो व हवेंत राहून कठीण होतो. वसाहतवाल्यांनीं त्याचे खांब पाडले, आणि त्यांवर कांटेरी तार ओढली. लांकडाची उणीव दगडानें भरून काढणारी ही युक्ति पाहून मला कोंकणांतील जांभ्याचे गडगे आठवले.

पुढें दोन्ही बाजूंस तांबडीं कणसें धरलेलें एक बुटकें पीक लागलें. मीं गाडी थांबविण्यास सांगितलें व उतरून पाहिलें. ती ज्वारी होती! आपल्या सोलापुराकडील ज्वारी पुरुषभर उंच वाढते. ही कमरेइतकी, यंत्रानें कापतां यावी म्हणून मुद्दाम बुटकी केलेली. कॅन्सस हें अमेरिकेंतील ज्वारीचें अग्रेसर संस्थान आहे, आणि हें धान्य तेथें मुख्यतः जनावरांच्या पोटांत जातें. "म्हणजे इथें भाकरी करीत नाहींत?" असें मंडळींनीं विचारलें, आणि जांवयांनीं नकारार्थी मान हालवितांच त्या सबंध संस्थानाविषयींचें त्यांचें मत थोडें खालावलें.

नेस सिटींत चुनखडीच्या दगडाची चार मजली पेढीची इमारत आहे. १८९० च्या सुमारास ती पुरी झाली. भोंवतालच्या सपाटीमुळें तिला 'माळावरचा गगनचुंबी वाडा' अशा अर्थाचें नांव पडलें आहे. हे लोक त्या काळीं येथें मोठें शहर वसणार अशा भरंवशावर होते. आज सबंध जिल्ह्याची लोकसंख्या तीन हजारांहून कमी आहे. तो भरंवसा कां फसला याचें उत्तर पुढच्या दहा-पंधरा मैलांत, तेंहि नातीच्या हातांतील मोबाइलवर, मिळालें. पश्चिम रेखांशाचा आंकडा वाढत वाढत नव्व्याण्णवाच्या शेवटास आला, आणि एका ओसाड वळणावर "आजोबा, शंभर!" असें ती ओरडली.

बाहेर तर कांहींच बदललें नव्हतें. परंतु हा शंभरावा रेखांश अमेरिकेच्या शेतीच्या इतिहासांत लक्ष्मणरेषेसारखा आहे. १८७८ सालीं जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञानें सरकारास अहवाल दिला कीं, या रेषेच्या पश्चिमेस पाऊस वर्षाला वीस इंचांहून कमी पडतो, आणि एकशें साठ एकरांच्या कोरडवाहू तुकड्यावर एका कुटुंबाचा निभाव लागणार नाहीं. सरकारी कायदा तर नेमका तेवढाच तुकडा देत होता. २० मे १८६२ रोजीं लिंकननें सही केलेल्या 'होमस्टेड' कायद्याप्रमाणें कोणाहि सज्ञान माणसानें सुमारें अठरा डॉलर फी भरून एकशें साठ एकर घ्यावेत, पांच वर्षें तेथें राहून जमीन कसावी, आणि मालक व्हावें. १८८० नंतर कांहीं वर्षें पाऊस चांगला झाला. नांगर पडला कीं पाऊस त्याच्या मागोमाग येतो, असें जाहिरातदार सांगूं लागले, आणि माणसें लोटलीं. मग कोरडीं वर्षें आलीं व तींच माणसें गाड्या जुंपून मागें फिरलीं. त्या कायद्याखालीं अखेरपर्यंत सोळा लाख दावे पुरे झाले व सत्तावीस कोटि एकर जमीन वांटली गेली. पुरे न होतां सुटलेल्या दाव्यांचीं घरें मात्र माळभर विखुरलेलीं आहेत.

ही जमीन पूर्वीं कोणाची नव्हती, असें मात्र नव्हे. या माळावर शायन, अरापाहो, कायोवा, कोमान्शी हे लोक गव्यांच्या कळपांमागें हिंडत. १८६७ सालीं मेडिसिन लॉज येथील तहानें त्यांना दक्षिणेकडे हांकलण्यात आलें. पुढील दहा-बारा वर्षांत गवे गोळ्यांनीं संपले, आणि नंतर आलेल्या वसाहतवाल्यांनीं माळावरचीं गव्यांचीं हाडें वेंचून खतासाठीं विकलीं. कित्येकांच्या पहिल्या वर्षाचें मीठ-पीठ या हाडांवर चाललें. फुकट मिळालेल्या जमिनीची किंमत कोणींतरी दिलेलीच असते.

नातीनें काढलेलें पडकें घर अखेर दिसलें. रस्त्यापासून थोडें आंत चार-पांच देवदारासारखीं झाडें, पात्यें मोडलेली एक पवनचक्की, आणि छप्पर पाठीवर पडलेलें लांकडी घर. दाराशीं आयरिसच्या कंदांची ओळ अजून जीव धरून होती. कोणा गृहिणीनें लावलेली असणार. आपल्याकडे घर पडलें तरी तुळशीवृंदावन व दारचा तगर राहतो, तसेंच हें. आम्ही कुंपणाच्या आंत गेलों नाहीं. पेटी बाहेरच, सरकारी रस्त्याच्या हद्दींतील एका झाडाच्या बुंध्याशीं असल्याचें आंकडे सांगत होते. परंतु उपग्रह हे दहा-पांच पावलांपर्यंत आणून सोडतात. पुढें डोळे व बोटें यांचेंच काम. जांवई थकले, मी थकलों. शेवटीं चष्मा कपाळावर चढवून आमच्या मंडळींनीं वांकून पाहिलें, व मोलकरणीनें लपविलेली कढई सांपडावी तशा सहज सुरांत त्या म्हणाल्या, "हा काय डबा!"

वहींत शेवटची सही चौदा महिन्यांपूर्वींची होती. झांकणाच्या आंतल्या बाजूस एक चिठ्ठी चिकटविलेली होती. या घरीं राहिलेल्यांची फारशी माहिती नाहीं, परंतु येथवर आलांत तर बीलर गांवाच्या दक्षिणेस दीड-दोन मैलांवर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याची जागा अवश्य पाहा, अशा अर्थाचा तो मजकूर होता. नातीनें तो वाचून दाखविला आणि मी रस्त्याच्या कडेलाच बसलों.

मराठी घरांत हें नांव कोणास सांगावें लागत नाहीं. वीणा गवाणकर यांचें 'एक होता कार्व्हर' १९८१ सालीं निघालें, तेव्हांपासून तें आपल्याकडे मुंजींत, वाढदिवशीं, बक्षीससमारंभांत दिलें जात आहे. मी शाळेंत शिकवीत असतांना दरवर्षीं आठवीच्या वर्गास त्यांतील प्रकरणें वाचून दाखवीत असें. गुलामाच्या पोटीं जन्मलेला पोर, टस्कीगीची प्रयोगशाळा, भुईमुगाचे पदार्थ, हें सर्व मला तोंडपाठ. परंतु हा पुरुष कॅन्ससच्या या माळावर स्वतःचें घर बांधून शेती करीत होता, हें माझ्या ध्यानांत राहिलें नव्हतें. तो मोठा होण्यापूर्वींचीं अपयशाचीं वर्षें मीं वर्गांत नेहमीं पानें उलटून टाकलीं असावीं.

कार्व्हरचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी संस्थानांतील डायमंड ग्रोव्ह येथें झाला. गुलामांच्या जन्मतिथि कोणी टिपून ठेवीत नसत. आई दरोडेखोरांनीं पळविली ती पुन्हां दिसली नाहीं. ज्या मोझेस कार्व्हरच्या मालकीचीं हीं मायलेकरें होतीं त्यानें व त्याच्या पत्नीनें पोराला वाढविलें. शिक्षणासाठीं तो गांवोगांव फिरला, लोकांचे कपडे धुऊन पोट भरीत शिकला. कॅन्ससमधील हायलंड येथील महाविद्यालयानें त्याचा अर्ज पत्रानें मंजूर केला; परंतु तो प्रत्यक्ष दारीं उभा राहतांच त्याच्या कातडीचा रंग पाहून त्याला परत लाविलें. १८८६ सालच्या ऑगस्टांत तो या नेस जिल्ह्यांत आला. प्रथम जॉर्ज स्टीली नांवाच्या गोऱ्या पशुपालकाकडे चाकरीस राहिला, आणि शेजारींच त्यानें एकशें साठ एकरांचा तुकडा आपल्या नांवें नोंदविला.

घर बांधण्यास लांकूड नव्हतें, दगड घेण्यास पैसा नव्हता. अशा वेळीं या माळावरील लोक ढेंपळांचीं घरें बांधीत. तेथील आंखूड गवताचीं मुळें इतकीं दाट असतात कीं, खास नांगरानें कापलें असतां माती फुटभर रुंद, दोन-तीन फूट लांब व चार इंच जाड अशा पट्ट्यांनीं निघते. गवताची बाजू खालीं करून त्या एकावर एक रचावयाच्या; भिंत दोन-तीन फूट जाड होते. उन्हाळ्यांत गार, हिंवाळ्यांत ऊबदार. मात्र पाऊस थांबल्यावरहि छप्पर आंत गळत राहतें, आणि भिंतींत उंदीर व साप बिऱ्हाड करतात. कार्व्हरचें घर चौदा फूट लांब व चौदा फूट रुंद होतें. १८८७ च्या एप्रिलांत तें पुरें झालें. त्यांत त्यानें एक लहानसें वनस्पतिगृह ठेवलें, फुलझाडें व तऱ्हेतऱ्हेचे दगड जमविले. त्यानें स्वतःच्या हातांनीं सतरा एकर जमीन उखळून काढली. मका, भाजीपाला, फळझाडें लाविलीं. पाण्यासाठीं ठिकठिकाणीं खणून पाहिलें, परंतु पाणी लागलें नाहीं. तें त्याला शेवटपर्यंत स्टीलीकडून वाहून आणावें लागलें.

आम्ही पोंचलों तेव्हां तिसरा प्रहर झाला होता. एका शेताच्या कडेला दगडाची खूण उभी आहे. १९७७ सालीं ही जागा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांच्या यादींत नोंदली गेली. घराचा मागमूस नाहीं, आणि असणार तरी कसा? मातीचीं ढेंपळें पावसानें मातींत मिळालीं. पडक्या वाड्याची निदान वीट राहते. येथें घर आणि शेत यांत भेदच उरला नाहीं. वारा एकसारखा वाहात होता. तारेवर पिवळ्या छातीचा एक मेडोलार्क पक्षी बसला होता. नात आंकडे पाहात, खुणेभोंवतीं चौदा चौदा पावलें टाकून चौकोन आंखूं लागली. "आजोबा, फुटांचा चौकोन याहून लहान होईल," असें म्हणून तिनें पुन्हां मोजलें आणि मध्यें उभी राहिली. "एवढंच? यांत कॉट ठेवली कीं झाडं कुठं ठेवायचीं?"

"त्यानें झाडें आधीं ठेवलीं असतील," मी म्हणालों.

त्या दोन वर्षांत कार्व्हरनें काय मिळविलें? धन्याच्या दृष्टीनें कांहींच नाहीं. १८८८ सालीं त्यानें नेस सिटींतील पेढीकडून तीनशें डॉलर कर्ज काढलें आणि लवकरच जिल्हा सोडला. पुढें १८९० त आयोवांतील सिम्सन महाविद्यालयांत चित्रकला, तेथून एम्स येथील कृषिमहाविद्यालय, १८९४ त पदवी, १८९६ त उच्च पदवी आणि बुकर टी. वॉशिंग्टनच्या बोलावण्यावरून टस्कीगी, ही वाट सर्वांस ठाऊक आहे. परंतु मला त्या शेतांत उभें राहून प्रथम कळलें कीं, अलाबामांतील कापसानें निःसत्त्व झालेल्या जमिनीवरील गरीब कूळ त्याला कां समजलें. जमिनीनें हार खावविणें म्हणजे काय, पाणी न लागणें म्हणजे काय, कर्जाचा कागद म्हणजे काय, हें त्यानें पुस्तकांत वाचलेलें नव्हतें. या माळानें त्याला चांगलेंहि दिलें. नेस सिटींतील एका कृष्णवर्णीय शिक्षिकेकडून, क्लारा डंकन हिच्याकडून, त्यानें येथेंच चित्रकलेचे धडे घेतले. गांवच्या वाङ्मयमंडळांत त्याला जागा होती. पुढें म्हातारपणीं त्यानें नेस जिल्ह्यांतील लोकांचें ऋण पत्रानें मान्य केलें. १९४३ च्या जानेवारींत तो वारला.

परततांना गाडींत कोणी फारसें बोलत नव्हतें. माझ्या मनांत सालांची जुळणी चालली होती. ज्या १८८६ सालीं हा तरुण बीलरला आला, त्याच सालीं मार्च महिन्यांत आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियांत डॉक्टर झाल्या, व तो समारंभ पाहण्यासाठीं आलेल्या पंडिता रमाबाई पुढें १८८८ अखेरपर्यंत त्या देशांत हिंडत होत्या. त्यांनीं त्या देशाचें वर्णन मराठींत लिहून १८८९ सालीं प्रसिद्ध केलें. त्याहि आधीं, १८७३ सालीं, जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करण्यासाठीं झटलेल्या लोकांस अर्पण केलें होतें. पुण्यांत बसून त्यांना ज्याचा संबंध स्पष्ट दिसला, तो मला चाळीस वर्षें आठवीच्या वर्गांत कार्व्हर वाचून दाखवितांना दिसला नाहीं. हायलंडच्या दारावरून मुलाला परत लावल्याचें वाचलें कीं वर्गांतील मुलांच्या डोळ्यांत पाणी येई, आणि मी समाधानानें पुस्तक मिटीत असें.

त्या रात्रीं मला आमची विहीर आठवली. आमच्या घरांत एक वाक्य पिढीजात आहे : 'ही विहीर आजोबांनीं खणली.' आजोबांनीं अर्थात् कुदळ हातीं धरली नव्हती. वडील एकदां बोलून गेले होते कीं, गांवाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या लोकांनीं दोन उन्हाळे जांभा फोडून ती खणली; पाणी लागलें त्या दिवशीं नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या लोकांना कठड्याला हात लावण्याची बंदी झाली. त्या वेळीं मी नातीएवढा होतों. ही गोष्ट मीं पुन्हां कोणास विचारली नाहीं, सांगितली नाहीं. कार्व्हरला पाणी लागलें नाहीं तरी शेजारच्या गोऱ्याकडून तें नेतां आलें. आमच्याकडे ज्यांनीं पाणी लावून दिलें त्यांनाच तें नेतां आलें नाहीं. बंधु म्हणतात, तेथें चार दगड आहेत. दगड आहेत हें खरें. ते कोणीं फोडले एवढेंच कोणास ठाऊक नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही आणखी वायव्येस जाऊन मिंगो येथील पेटी पाहिली. ११ मे २००० पासून चालूं असलेली ही पेटी आजमितीस सर्वांत जुनी समजली जाते, आणि हमरस्त्याजवळ असल्यामुळें तेथें गर्दी असते. नातीला तिचें मोठें अप्रूप वाटलें. मीं आपलें नांव वहींत लिहिलें. पण भोकाचा पैसा आदल्या दिवशींच त्या ओसाड घराच्या डब्यांत टाकून आलों होतों.

कार्तिकांत स्वदेशीं परत आल्यावर मी सहीचा कागद घेऊन गांवीं गेलों. चौथऱ्यावर करवंदीचीं जाळीं माजलीं होतीं. विहिरीचें पाणी मात्र नितळ होतें. खालच्या वस्तींतील सर्वांत वृद्ध गृहस्थांकडे गेलों. ते मुंबईस गिरणींत तीस वर्षें काम करून परत आलेले. घर पक्कें, नातू पदवीधर. त्यांनीं खुर्ची दिली, चहा आणविला. मीं येण्याचें कारण सांगतांच ते बराच वेळ गप्प राहिले.

"आतां नांवं कशाला हवींत, गुरुजी? जागा तर तुम्ही विकतां आहांत."

"विकण्याआधीं हवींत," मी म्हणालों.

"सांगतों. पण लिहाल तर पुरतीं लिहा. तुमच्या जुन्या कागदांत आमच्या आज्याचं नांवसुद्धां अर्धंच आहे."

त्यांनीं पांचांपैकीं तिघांचीं नांवें सांगितलीं, बापाच्या नांवासकट. एकजण खणतांना दरड कोसळून पायानें कायमचा अधू झाला होता, हेंहि सांगितलें. उरलेल्या दोघांचीं नांवें त्यांनाहि आठवेनात. तीं आठवणारी त्यांची थोरली बहीण मागच्याच पावसाळ्यांत गेली. मीं आणखी एक वर्ष आधीं आलों असतों तर पांचहि मिळालीं असतीं.

तीं नांवें मी येथें छापीत नाहीं; तीं त्यांच्या घरचीं आहेत, व त्यांच्या नातवानें तीं माझ्यासमोरच आपल्या वहींत उतरून घेतलीं. विक्रीच्या कागदावर सही अजून केलेली नाहीं. विहीर व तिच्यापर्यंतची वाट विक्रींतून वगळून ती वस्तीच्या नांवें करून द्यावी, असें मीं बंधूंना लिहिलें आहे. गिऱ्हाईक त्यामुळें किंमत पाडतें असें त्यांचें उत्तर आलें आहे, आणि तें खरेंहि असेल. दोघां चुलतबंधूंचा होकार आला. धाकटे अद्याप रागावलेले आहेत.

नातीला मीं हें सर्व कळविलें. तिचें उत्तर दोन ओळींचें होतें : विहिरीचे आंकडे पाठवा, आणि उन्हाळ्याच्या सुटींत मी येईन तेव्हां आपण दोघे त्या राहिलेल्या दोन नांवांचा शोध करूं. मीं आंकडे पाठविले आहेत.